आठ मीटरवर उभा असलेला माणूस

वसई-विरारमध्ये मोटारीच्या हेडलाईटवर चालणारे दोन धंदे सध्या तेजीत आहेत. एक, पांढरे हेडलाईट पिवळे करून देण्याचा. दुसरा, पिवळे पडलेले हेडलाईट पांढरे करून देण्याचा. बहुतेक ठिकाणी दोन्ही धंदे एकाच गाळ्यात असतात आणि काम करणारा पोरगाही एकच असतो. सकाळी तो दहा वर्षांच्या एखाद्या वॅगन आरचे दिवे ओल्या पॉलिश पेपरने घासून घासून त्यांचा पिवळेपणा काढतो. दुपारी जेवून आला की शोरूममधून नुकत्याच उतरलेल्या स्विफ्टच्या लख्ख दिव्यांवर पिवळी फिल्म चढवतो. पैसे दोघांकडून घेतो. आणि दोघेही जाताना ‘मस्त झालं रे’ म्हणून जातात.

खरं तर ज्याला पिवळा रंग हवा आहे त्याने थोडा धीर धरला तर तो फुकट मिळतो. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात दिव्याची काच खरोखरच काच होती. ती दगड लागून फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आता तिच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आलं आहे. ते सहजी फुटत नाही, वजनाला हलकं असतं आणि गाडीच्या नाकाला हवा तसा बाक देता येतो. फक्त उन्हातल्या अतिनील किरणांचं त्याला वावडं. म्हणून कंपनी त्यावर एक पातळ संरक्षक लेप देते. गाडी सावलीत उभी राहिली तर हा लेप पुष्कळ वर्षं टिकतो. पण वसई-विरारमध्ये गाडी सावलीत उभी करायची म्हणजे इमारतीच्या स्टिल्टमध्ये जागा हवी, आणि स्टिल्टमध्ये सोसायटीचं ऑफिस, वॉचमनचा संसार, गेल्या गणपतीच्या मखराचे सांगाडे, ज्यांचा मालक कोण हे कुणालाच ठाऊक नाही अशा सायकली आणि चेअरमनची गाडी एवढं सगळं आधीच असतं. उरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला ऊन खातात. काही उन्हाळे गेले की लेप उडतो, प्लॅस्टिक खरखरीत होतं आणि गाडीला मोतीबिंदू झाल्यासारखा दिसू लागतो.

मग कुणीतरी सांगतं, टूथपेस्ट लावा. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ एका रविवारी जुन्या ब्रशने गाडीचे दिवे मन लावून घासत होते. वरच्या गॅलरीतून त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, ‘‘आधी स्वतःचे घासलेत का?’’ अख्ख्या विंगने ते ऐकलं. दिवे मात्र दोन आठवडे झळाळले. टूथपेस्टने पिवळेपणा गेला आणि त्याच्याबरोबर उरलासुरला लेपही गेला. त्यानंतर ते पुन्हा पिवळे पडले ते आधीपेक्षा लवकर. आता ते गृहस्थ लोकांना सांगतात, आपण पिवळी फिल्म लावून घेतली आहे.

फिल्म लावण्याचं काम मात्र बघण्यासारखं असतं. पोरगा आधी शॅम्पूचं पाणी फवारून दिवा भिजवतो. फिल्मचा मागचा कागद सोलला की दोघांनी चारी कोपरे धरून ती दिव्यावर ताणायची. मग हीट गन. गरम वाऱ्याखाली फिल्म सैलावते, दिव्याच्या बाकाला चिकटत जाते, आणि पोरगा रबरी पट्टीने पाणी नि बुडबुडे मधून कडेकडे ढकलत नेतो. शेवटी कटर. दिवा आणि बॉनेट यांच्यामधल्या फटीत, गाडीच्या रंगापासून केसभर अंतरावर तो पातं एका दमात फिरवतो. या क्षणी गाडीचा मालक श्वास रोखून उभा असतो, आणि त्याच्या मोबाईलवर चाललेलं शूटिंग इथे हमखास हलतं. एवढी सफाई वापरून शेवटी होतं काय, तर दिव्यातून आधी जेवढा उजेड बाहेर पडत होता त्यापेक्षा कमी पडायला लागतो. फिल्मला उजेड निर्माण करता येत नाही. तिला फक्त अडवता येतो. पिवळी फिल्म त्यातला निळा भाग अडवते, निळी फिल्म पिवळा आणि तांबडा अडवते, आणि स्मोक फिल्म कुणातही भेदभाव न करता सगळ्यांनाच थोडं थोडं अडवते.

स्मोक फिल्मचं गणित तर खास आहे. दिवे काळे केल्यावर गाडी रागीट दिसते, हे खरं. पण रात्री काही दिसत नाही, हेही खरं. म्हणून मालक पुन्हा गाळ्यावर येतो. कंपनीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. पोरगा त्याला १००/९०चा देतो. त्या बल्बच्या ओढीने वायरी तापतात, म्हणून रिले बसवावा लागतो. वायरी वाचतात, पण प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. म्हणून सिरॅमिकचा होल्डर. एवढं झाल्यावर बल्बच्या उष्णतेने दिव्याच्या आतली चकाकी जाते आणि उजेड पुन्हा पूर्वीइतकाच होतो. फरक एवढाच की आधी तो फुकट होता.

हेडलाईटच्या गाळ्यावर कान देऊन उभं राहिलं तर असा संवाद हमखास ऐकू येतो.

‘‘भाऊ, सहा हजारचा बसवू का आठ हजारचा?’’

‘‘आठ हजारचा चांगला ना?’’

‘‘निळा मारतो एकदम.’’

‘‘मग दहाचा नाही येत का?’’

ही किंमत नव्हे. हे केल्विन आहेत. उजेडाचा रंग मोजायचं ते माप आहे, उजेड किती ते मोजायचं नव्हे. मेणबत्ती दोन हजाराच्या आसपास, हॅलोजन बल्ब तीन हजाराच्या थोडा वर, भर दुपारचं ऊन साडेपाच-सहा हजार. त्याच्या वर गेलं की उजेड वाढत नाही, नुसता निळा होत जातो. पण आपल्याकडे कुठल्याही आकड्याला मोठा असण्याची सवय आहे. त्यामुळे आचोळ्याच्या रस्त्याने अर्धा लिटर दूध आणायला निघालेल्या स्कूटरला दुपारच्या सूर्यापेक्षा निळा दिवा लागतो. उलट पिवळ्याची बाजू घेणारे तीन हजारवर अडून बसतात. त्यांचं म्हणणं, पावसात पिवळाच मारतो. यात थोडं तथ्य आहे. ओल्या डांबरावर पांढरा-निळा उजेड डोळ्यांना टोचतो, आणि वय झालेल्या डोळ्यांत तर निळा उजेड जास्तच पसरतो. तो भाग काढून टाकला की डोळ्यांना बरं वाटतं. रस्ता जास्त दिसतो असं नाही, पण कमी दिसल्याचा त्रास कमी होतो. वसईतल्या रस्त्यांच्या बाबतीत हा फायदा लहान समजू नये.

आता फॉगलाईट. वसईत धुकं किती? डिसेंबर-जानेवारीत पहाटे केळीच्या वाड्यांवर आणि मिठागरांवर एक पातळ थर उतरतो, आणि सूर्य वर आला की निघून जातो. तोवर अर्धं विरार लोकलमध्ये उभं असतं, त्यामुळे ते कुणी बघतही नाही. खरं धुकं बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याला जावं. तिथे ढगच रस्त्यावर येऊन बसतो. वसईच्या वाट्याला धुक्याऐवजी हायवेच्या काँक्रीटीकरणाची धूळ आली. पण फॉगलाईट बारा महिने तेरा काळ चालू. ॲक्टिव्हाला फॉगलाईट, बुलेटला फॉगलाईट, पाण्याच्या टँकरला फॉगलाईट. टँकर भरदुपारी बारा वाजता ते लावून आला तरी कुणी काही म्हणत नाही, कारण टँकर आला हेच पुष्कळ असतं.

आणि लोक ज्याला फॉगलाईट म्हणतात तो बहुधा फॉगलाईट नसतोच. खऱ्या फॉगलाईटची करामत रंगात नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की पिवळा काय नि पांढरा काय, सगळेच त्यांच्यावर आपटून परत फिरतात. करामत आहे ती दिवा बसवण्यात. तो बंपरच्या खाली, जमिनीलगत असतो. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि वरच्या बाजूला रेघ मारल्यागत कापलेला असतो. उजेड वर जाऊन धुक्यावरून डोळ्यांत परतू नये, खालचा रस्ता आणि कडेची पांढरी पट्टी तेवढी दिसावी, हा बेत. आमच्याकडे हाच दिवा विकत घेऊन बुलेटच्या लेगगार्डवर कंबरेच्या उंचीला बांधतात आणि समोरच्याच्या कपाळावर रोखतात. मग धुकं असो वा नसो, समोरच्याला ते दिसतं.

पिवळ्या दिव्यांची हौस आपणच पहिल्यांदा केली असं मात्र नाही. फ्रान्समध्ये १९३६ साली कायदाच झाला की सगळ्या गाड्यांचे हेडलाईट पिवळे हवेत, आणि तो १९९३पर्यंत चालला. फक्त तिथे अख्खा देश एका रंगाचा होता. इथे एका पार्किंगमध्ये पाच रंग असतात. आमच्याकडे आता कॅमेलिऑन नावाची फिल्म आली आहे. ती डावीकडून जांभळी आणि उजवीकडून हिरवी दिसते. समोरून नेमकी कशी दिसते हे सांगायला समोरच्याने डोळे उघडे ठेवायला हवेत.

आपल्याकडे हेडलाईट रंगवण्याची परंपरा आहे, पण ती वेगळ्या कारणाने सुरू झाली. १९६५च्या आणि १९७१च्या युद्धात मुंबईत आणि आसपास ब्लॅकआऊट असायचा. खिडक्यांच्या तावदानांना तपकिरी कागद चिकटवायचा आणि गाड्यांच्या हेडलाईटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचा, शत्रूच्या विमानाला खालचा रस्ता कळू नये म्हणून. युद्ध संपलं, कागद निघाले, पण दिव्यांवरचा काळा रंग पुढे बरीच वर्षं ट्रक-टेम्पोंवर दिसत राहिला. कुठे अर्धा दिवा काळा, कुठे मधोमध काळा ठिपका. आता विमानाचा प्रश्न नव्हता. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये, एवढाच हेतू. हेतू चांगला, शास्त्र मात्र पुढे उलटं पडलं. नंतर आलेल्या एच-४ हॅलोजन दिव्यात डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेला उजेड दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागातूनच बाहेर येतो. वरचा भाग काळा केला की जो उजेड कुणालाच त्रास देत नव्हता तो अडायचा आणि जो त्रास देत होता तो बराचसा खालून सुटायचा. तरीही त्या काळ्या रंगाबद्दल मला आदर आहे. त्यात समोरून कुणीतरी येतंय याची जाणीव होती. आधी शत्रूसाठी रंग लावला, मग समोरच्यासाठी लावला, आता रीलसाठी लावतात.

याच समोरच्याबद्दल आपल्या कायद्यात एक फार सुंदर कल्पना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम १०६. सरकारी नियमांत माणूस क्वचितच भेटतो. अर्जदार भेटतो, धारक भेटतो, कसूरदार भेटतो. इथे मात्र चक्क एक माणूस उभा केला आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे. गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला. आणि त्याचे डोळे रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर. डिपर मारल्यावर तुमच्या दिव्याने या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत, असा नियम. तो कोण, कुठला, कुठे निघालाय, काही विचारलेलं नाही. डोळे दीड मीटरवर म्हणजे उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास. आपल्याकडचाच असणार.

या माणसाला वसई-विरारमध्ये जागोजागी उभा करून बघण्याचा मला नाद लागला आहे. नालासोपारा पूर्वेला, स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता उभा केला तर तो सर्वांत सुरक्षित. कारण गाडीसमोर आठ मीटर मोकळे मिळतच नाहीत. त्याच्या आणि दिव्याच्या मध्ये शेअर रिक्षांची रांग, भाजीच्या हातगाड्या आणि ‘एक सीट, एक सीट’ करणारा माणूस उभा असतो. वसई फाट्याच्या बाजूला, जुलै महिन्यात उभा केला तर तो खड्ड्यात उभा राहतो. मग त्याचे डोळे दीड मीटरवरून सव्वा मीटरवर येतात आणि तो बिचारा नियमाच्या बाहेर जातो. आता त्याचे डोळे दिपवले तरी चालतात. पापडीच्या जुन्या गल्लीत तर गाडीच्या उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरवर एखाद्या घराची भिंतच येते. म्हणजे आपला माणूस त्या घराच्या दिवाणखान्यात उभा. तिथे तो मालिका बघतोय, आणि खिडकीतून एका स्कॉर्पिओचा निळा झोत भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, देवाच्या तसबिरीवरून, सासूबाईंच्या तोंडावरून फिरत जातो. मालिकेत त्या वेळी वीज चमकण्याचा प्रसंग असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण गास, निर्मळ, भुईगावच्या बाजूला याला उभा केला की गंमत जरा कमी होते. तिकडचे रस्ते दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून जातात. एक गाडी जाईल एवढेच रुंद, दर थोड्या अंतरावर वळण, आणि वळणावर बावखल. या जुन्या तळ्यांपैकी कैक रस्त्याला इतकी लागून आहेत की कठडा बांधायलाही जागा उरलेली नाही. पहाटे अजून अंधार असताना फुलांच्या, भाजीच्या पाट्या घेऊन बायका पहिली लोकल गाठायला निघतात. नियम १०६चा माणूस खरा तिथे राहतो, आणि बहुतेक वेळा तो बाई असतो. समोरून थार येते. थारचा दिवा मुळात उंच, त्यात एलईडीचा बल्ब हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेला, म्हणजे झोताला आकार असा नाहीच. उजेड मिळेल त्या दिशेला सांडतो. बाई थांबते, पाटी सावरते, पदराने डोळे झाकते आणि गाडी पुढे जाण्याची वाट बघते. गाडीवाल्याला वाटतं, बाईने मान दिला.

डोळे दिपल्यावर परत नीट दिसायला काही सेकंद लागतात, आणि वयाबरोबर ते वाढत जातात. हायवेवर ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर, आंधळेपणाने. सातिवली ते पेल्हार या पट्ट्यात पन्नास मीटरमध्ये एक दुभाजकाची फट, उलट्या बाजूने येणारा एक टेम्पो आणि रस्ता ओलांडणारी एक म्हैस सहज मावते. हायवेचा नंबर ४८, आमच्या गाड्यांवरचा नंबरही एमएच ४८. बाहेरचा माणूस या योगायोगाला हसतो. आम्ही तो मुकाट्याने भोगतो.

दिव्यांच्या या बाजारातली नावंही ऐकण्यासारखी आहेत. हेडलाईटच्या आत जी पांढरी उजळ कडी बसवतात तिला ‘एंजल आय’ म्हणतात, आणि प्रोजेक्टरच्या आत जो तांबडा ठिपका बसवतात त्याला ‘डेव्हिल आय’. वसईसारख्या, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने चर्च लागणाऱ्या गावात देवदूत आणि सैतान एकाच गाळ्यात, एकाच वॉरंटीवर मिळतात. कित्येक गाड्यांना दोन्ही असतात. देवदूत पार्किंग लाईटला जोडलेला असतो आणि सैतान हायबीमला. सैतानाची अडचण एवढीच की नियम १०८प्रमाणे खासगी गाडीने पुढच्या बाजूला तांबडा दिवा दाखवायचा नसतो. पूर्वी तो मान मोठ्या लोकांच्या गाड्यांना होता. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे उतरले. ते गेले कुठे याचा शोध घ्यायचा असेल तर शनिवारी रात्री अर्नाळ्याच्या रस्त्यावर उभं राहावं. जे मंत्र्यांना मिळत नाही ते आता कॉलेजच्या पोरांकडे आहे, आणि लुकलुकतंसुद्धा.

काळ्या फिल्मचीही गोष्ट तीच. एप्रिल २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर काळ्या फिल्म लावायला मनाई केली. नाक्यानाक्यावर पोलिसांनी फिल्म सोलून काढल्या. धंदा बुडणार असं वाटलं होतं, पण फिल्म खिडकीवरून उतरली आणि चालत चालत दिव्यांवर जाऊन बसली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये गाडीत परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बल्ब, देवदूत, सैतान, लेगगार्डवरचे दोन दिवे, टपावरची लाईटची पट्टी अशी बेरीज करत गेलं तर काही गाड्यांच्या बाबतीत दंडाच्या रकमेत दुसरी सेकंडहँड गाडी येईल. पण ही बेरीज गाळ्यावर कुणी करत नाही. टॅक्सी, टेम्पो, रिक्षावाले तेवढे हिशेबी. पासिंगच्या आदल्या दिवशी सगळे रंग उतरतात, गाडी साधीभोळी होऊन तपासणीला जाते आणि संध्याकाळी परत शृंगार करते.

दिव्यांची भाषा आमच्याकडे अजिबातच नाही असं म्हणता येणार नाही. आहे, पण शब्दकोश प्रत्येकाच्या खिशात वेगळा आहे. डिपर मारला म्हणजे काहींच्या मते ‘तू ये, मी थांबतो’, आणि बाकीच्या सर्वांच्या मते ‘मी येतोय, तू थांब’. हायवेवर त्याच डिपरचा अर्थ ‘पुढे पोलीस आहेत’ असा होतो, आणि हा एकमेव अर्थ सर्वांना बिनचूक समजतो. पूर्वी दिवसा कुणाच्या मोटारसायकलचा दिवा चुकून चालू राहिला तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हाताच्या पाची बोटांची उघडझाप करून त्याला सांगायचा. दुकानदार सांगायचा, शाळेतली पोरं ओरडायची, सिग्नलवरचा भिकारीही सांगायचा. बॅटरी दुसऱ्याची, काळजी आख्ख्या गावाला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कायमचे चालू राहायला लागले आणि ही प्रेमळ प्रथा बंद पडली. पण नायगावच्या पुलापाशी अजूनही एक आजोबा समोरच्या प्रत्येक स्कूटरला बोटं उघडून-मिटून दाखवतात. स्कूटरवाले आता त्यांना उलट हात हलवून नमस्कार करतात.

दिव्याच्या रंगाला अर्थ असावा अशी शिस्त बघायची असेल तर हायवे सोडून पाचूबंदरला जावं. तिथल्या कोळ्याला अंधारात समोरून येणाऱ्या बोटीचा दिवा दिसला की बोट कुठे चालली आहे ते कळतं. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. दोन्ही रंग एकदम दिसले तर ती सरळ अंगावर येतेय. फक्त हिरवा दिसला तर तिची उजवी बाजू आपल्याकडे आहे. जगातल्या सगळ्या समुद्रांवर हेच. तिथे कुणी हौस म्हणून हिरव्याच्या जागी जांभळा लावत नाही, कारण लावला तर त्याच रात्री धडक बसेल. तोच कोळी-भाऊ किनाऱ्यावर येऊन बोलेरो सुरू करतो तेव्हा तिला पुढे निळे दिवे असतात. मी एकाला विचारलं, ‘‘दादा, बोटीला का नाही लावत असे?’’ तो म्हणाला, ‘‘बोट धंद्याची आहे. गाडी लग्नाकार्याची.’’

या उत्तरावर माझ्याकडे काही उत्तर नाही. हळदीला, बारशाला, नाताळच्या रात्री चर्चला जाताना गाडी सजावी असं वाटणं समजू शकतो. डिसेंबरात वसई पश्चिमेला घराघरांवर तारे लागतात, गोठे सजतात, तेव्हा रंगीत उजेडाला कोण नाव ठेवेल? पण तो उजेड घरावर टांगलेला असतो. तो ताशी साठच्या वेगाने अंगावर येत नाही. हौसच असेल तर गाडीच्या आत लावा, सीटखाली लावा, डिकीत लावा. समोरच्याच्या डोळ्यांवर आपला हक्क नाही.

आणि हे सगळं जाऊ दे, एक साधी गोष्ट. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक लहानसं चाक असतं. त्याच्यावर ० ते ३, काहींत ४ किंवा ५पर्यंत आकडे असतात, आणि बाजूला दिव्याचं चित्र. पुष्कळांना वाटतं ते डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं आहे. काहींनी गाडी घेतल्यापासून त्याला बोट लावलेलं नाही. त्या चाकाने हेडलाईटचा झोत वर-खाली होतो. गाडीत एकटे असाल तर शून्य ठीक. मागे तीन माणसं आणि डिकी भरलेली असली की गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं, आणि तुमचा डिपरसुद्धा समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. तेव्हा ते चाक दोनवर किंवा तीनवर न्यायचं. वज्रेश्वरीहून सहकुटुंब परत येताना शिरसाडच्या रस्त्याला लागण्याआधी एवढं कराच. फिल्म नको, बल्ब नको, गाळ्यावर जायला नको. पैसे पडत नाहीत.